परसबागेत दव गोठलं तेव्हा तुम्ही काय केलंत?

मंडळी, गेल्या डिसेंबरात एका रात्रीत माझी पपईची अकरा रोपं गेली. संध्याकाळी टवटवीत होती. सकाळी पानं उकडून काढल्यासारखी लोंबत होती, दुपारपर्यंत काळी पडली. आमचं घर निफाड तालुक्यात, कादवा नदीच्या बाजूला उतारावर. द्राक्षबागेत थंडीला काय करायचं ते इथं पोराटोरांनाही ठाऊक आहे: पहाटे शेकोट्या, धूर, ठिबक चालू. पण घरामागच्या दोन गुंठ्यांचं काय? आपापला अनुभव लिहा, फसलेलाही लिहा. तोच जास्त कामाचा.

उगावहून
2018 च्या डिसेंबरअखेरची ती पहाट मी विसरणार नाही. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा 1.8 अंशांवर उतरला होता. अंगणातल्या घमेल्यात पाण्यावर पापुद्रा धरलेला. पुदिन्याच्या प्रत्येक पानाची कड पांढरी, दाणेदार. धाकटा म्हणाला, "आई, मीठ कुणी सांडलं गं?" बोट लावलं तर विरघळलं. पारा शून्याच्या वर असताना बर्फ कसा, हे मला तेव्हा कळेना. तापमापक जमिनीपासून चार-साडेचार फुटांवर असतो. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमिनीलगतचं गवत त्याहून कितीतरी गार होतं. तेव्हापासून बातमीत 4 अंश ऐकले तरी मी झाकायला घेते.

सिन्नरहून
माझा फसलेला. टोमॅटो-मिरचीवर थेट प्लास्टिकचा कागद टाकला. जिथं जिथं पान कागदाला चिकटलं, तिथं तिथं करपलं. आता चार काठ्या रोवून त्यावर सासूबाईंची जुनी लुगडी टाकतो. कडा जमिनीपर्यंत येऊ द्यायच्या आणि विटेनं दाबायच्या, कारण ऊब मातीतूनच वर येते. ऊन आलं की लगेच काढायचं. एकदा लग्नाला गेलो आणि दोन दिवस तसंच राहिलं, तर आत भुरी, म्हणजे पानांवरची पांढरी बुरशी, धरली.

गिरणारेहून
पाणी! कोरडी, भेगाळलेली माती रात्री झटकन गार होते, ओली माती दिवसाची ऊब धरून ठेवते. म्हणून थंडीची लाट आली की दुपारीच वाफे भिजवायचे. पहाटे विहिरीचं पाणी हाताला कोमट लागतं, तेही बुंध्याशी सोडतो. पानांवर नाही, बुंध्याशी.

वणीहून
आमच्याकडे बंबाची राख वाया जात नाही. थंडीत घेवडा-वालावर मावा येतो. दव असतानाच चाळलेली राख भुरभुरली की ती पानाला चिकटते. आजी आणखी एक करायची: हरभऱ्यावर रात्री स्वच्छ धुतलेलं फडकं अंथरायची, पहाटे ते दवानं ओलं झालं की पिळून आंब बाटलीत भरायची. पोट दुखलं की चमचाभर, पाण्यातून. ती चव अजून दातांवर आहे, आंबट आणि झणझणीत. आता मीही दोन वाफे हरभरा केवळ त्यासाठी करतो.

ओझरहून
एक विनंती. करपलेली झाडं लगेच छाटू नका. आमची केळी काळीठिक्कर पडली होती. मालक कोयता घेऊन निघाले, मी अडवलं. वरची मेलेली पानं आतल्या पोंग्याला पुढच्या थंडीपासून झाकतात. फेब्रुवारी सरता सरता मधून हिरवी सुरळी वर आली. त्या दिवशी मी शेजारणीला हाताला धरून आणून दाखवली.

दिंडोरीहून
लसूण, मेथी, कोथिंबीर, वाटाणा यांची काळजी सोडा, त्यांना थंडी मानवते. वांगी तेवढी जपा. चातुर्मासभर वांगं वर्ज्य, मग चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य. तेव्हा घरचं वांगं नसलं की आईचा जीव हळहळतो.

पुन्हा मी, निफाडहून
सगळ्यांचे आभार. गिरणारेकर, तुमचं वाचून माझी चूक सापडली. मी पपई मुद्दाम कोरडी ठेवली होती, गारवा वाढेल म्हणून. शिवाय रोपं होती उताराच्या तळाशी, आणि गार हवा जड असल्यानं तिथंच येऊन साचते. यंदा नवी सात रोपं घराच्या दक्षिणेच्या भिंतीशी लावली आहेत, दिवसभर तापलेल्या विटांजवळ. आज आभाळ स्वच्छ आहे, चिंचेचं पानही हलत नाही. दुपारीच पाणी दिलंय. बारदानं ओट्यावर काढून ठेवली आहेत, भाकरी झाल्या की टाकायला जाते.