गुंड्याभाऊ उभा करताना : बाळ कर्वे यांच्या आठवणीत

अभिनेते बाळ कर्वे २८ ऑगस्ट २०२५ रोजी, वयाच्या ९५व्या वर्षी गेले. मुंबई दूरदर्शनच्या 'चिमणराव' मालिकेतला त्यांचा गुंड्याभाऊ आपल्याकडच्या गॅदरिंगमध्ये, गणपतीत अजून कुणी ना कुणी करतंच. तेव्हा हळहळ सगळ्यांनाच आहे. ज्यांनी हे पात्र बसवलंय, रंगवलंय किंवा जुन्या कॅसेटवरून उतरवून घेतलंय त्यांनी गावाचं नाव टाकून कामाचं लिहा.

अंबाजोगाई : गुंड्याभाऊ म्हटलं की पोरं छाती फुगवून ओरडतच एंट्री घेतात आणि प्रवेश तिथंच पडतो. दिलीप प्रभावळकरांच्या चिमणरावाची सगळी घालमेल अंगातून दिसते. कर्वे त्याच्या शेजारी ठाम उभे. ते आधी ऐकून घेतात, मग बोलतात. हशा त्या ऐकण्यावर पिकतो, म्हणून तालमीत गुंड्याभाऊ करणाऱ्याला पहिले काही दिवस वाक्यं देऊच नका. नुसतं चिमणरावाकडं बघत उभं राहू द्या.

गुंड्याभाऊच्या हातातल्या सोट्याचं एक बघा. प्रत्येक वाक्याला आपटला की पुढचा शब्द बुडतो, आणि स्टेजच्या कडेला ठेवलेला माईक फळ्यांतून तो धक्का मोठा करून देतो. खाली रबरी बूच बसवा आणि अख्ख्या प्रवेशात एकदाच आपटा, तेही निर्णयाचं वाक्य संपल्यावर.

परभणी : मिशी चिकटवणार असाल तर क्रेपची (मेकअपचे नकली केस), दोन तुकड्यांत. अखंड पट्टी लावली की नाकाखालच्या खळगीपाशी ओठ हलताना ती उचलते. दाढी करून लगेच गम (मिशी चिकटवायचा स्पिरिट गम) लावू नका, आग होते. आधी स्पिरिटच्या बोळ्यानं तेल-घाम पुसा, गमचा पातळ थर द्या, बोटाला तार यायला लागली की मिशी ठेवून ओल्या फडक्यानं दाबा. आपल्याकडच्या उकाड्यात ती सुटते ती बहुतेक घामानं, आणि घाम येतो तो हॅलोजनच्या दिव्यांसमोर आधीच तासभर बसवून ठेवल्यामुळं. मिशी सगळ्यात शेवटी लावा.

लातूर : संहितेबद्दल. चिमणरावाच्या कथांचे लेखक चिं. वि. जोशी १९६३ साली गेले. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, म्हणजे १ जानेवारी २०२४ पासून त्यांच्या मूळ कथा मोकळ्या झाल्या. मालिकेची पटकथा मात्र मोकळी नाही, ती जशीच्या तशी उचलू नका. कथेवरून प्रवेश लिहिताना हमखास फसगत होते ती अशी : चिमणराव स्वतः गोष्ट सांगतो, आणि निम्मी गंमत त्या सांगण्यात असते. नुसते संवाद वेगळे काढले तर गुंड्याभाऊ निव्वळ दांडगा वाटतो. चिमणरावाची दोन-तीन निवेदनाची वाक्यं प्रेक्षकांकडं तोंड करून ठेवाच. चिमणरावाला गुंड्याभाऊचा केवढा आधार आहे ते त्यातूनच कळतं.

नांदेड : 'चिमणराव'चे मोजकेच भाग आज बघायला मिळतात, त्यामुळं कर्व्यांचं काम असलेली कुठलीही घरगुती कॅसेट फेकू नका, मग ते नाटक असो की मुलाखत. पत्र्याखाली किंवा माळवदाच्या घरात खणात पडलेली कॅसेट थेट व्हीसीआरमध्ये घालायची नाही. खिडकीतून रिळावर पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी; तशीच चालवली की हेडला (व्हीसीआरमधला टेप वाचणारा भाग) लागते आणि पुढची प्रत्येक कॅसेट खराब करते. ती जाणकाराकडंच द्या. स्वच्छ असेल तर एक दिवस खोलीच्या हवेत उभी ठेवा, मग एकदा पूर्ण पुढं आणि पूर्ण मागं फिरवा. चिकटलेले वेढे सुटतात, नाहीतर टेप ओढली जाते. चित्रावर आडव्या रेघा आल्या तर व्हीसीआरचं ट्रॅकिंगचं बटण फिरवा. तरीही हटल्या नाहीत तर हेड साफ करा, पण आयसोप्रोपाइल अल्कोहोलनं. कापसाचे धागे आत अडकतात, शॅमॉय (मऊ चामड्याचं फडकं) घ्या आणि हेडवर उभं घासू नका.

कॉम्प्युटरवर उतरवताना चित्र ७२० बाय ५७६ पिक्सेल, सेकंदाला २५ फ्रेम. पडदा ४:३ ठेवा. आजच्या टीव्हीला भरावं म्हणून ताणलं की कर्व्यांचा चेहरा रुंद होतो आणि डोळ्यांतली ती बारीक हालचाल हरवते. कृष्णधवल भाग असेल तर रंग शून्यावर आणा, जुन्या टेपवरची हिरवी-जांभळी खरखर त्यानं जाते. मूळ फाइल न कापता दोन ठिकाणी ठेवा, वाटायला दुसरी लहान करा.