सही मागे घेता येते का? (कॅलिफोर्निया)
नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. शनिवारी दुकानातून बाहेर पडले तर दारातच एक मुलगा क्लिपबोर्ड घेऊन उभा, एखादा प्रस्ताव मतदानाला आणण्यासाठीच्या अर्जावर मतदारांच्या सह्या गोळा करत. "घरभाडी कमी करायचीत, सही करा." एका हातात कोथिंबीर, दुसऱ्या हातात लेक, केली सही. त्याने भराभर पानं उलटून आणखी दोन घेतल्या. घरी आल्यापासून चुटपुट लागलीये, नक्की कशाकशावर केल्या?

सह्या घेणारा पैसे घेऊन काम करत असू शकतो, त्याला तसं विचारायचा तुम्हाला हक्क आहे, असं त्या कागदावरच छापलेलं असतं म्हणे. मी कुठली विचारतेय! इथे दर सहीमागे पैसे देणं कायदेशीर आहे. ओरेगॉनच्या मतदारांनी २००२ मध्ये ते बंद केलं. आपल्याकडे २०२१ मध्ये तशाच बंदीचं विधेयक आलं, पण गव्हर्नर न्यूसम यांनी व्हेटो केला. आणि पगारी माणसांवर सरसकट बंदी नको, हे सुप्रीम कोर्टाने १९८८ मध्येच कोलोरॅडोच्या खटल्यात सांगून ठेवलंय.

अर्ज दाखल होण्याआधी काउंटीच्या निवडणूक कार्यालयाला लेखी कळवलं तर सही काढता येते, असं वाचलं. कोणी केलंय का? अर्जाचं नावच आठवत नसेल तर पत्रात काय लिहायचं?