आरडी ३५० चा ऑइल पंप काढून टाका म्हणणाऱ्यांसाठी

सातारकर

काल येथेच एका सदस्याने अत्यंत आत्मविश्वासाने सल्ला दिला की, राजदूत ३५० (म्हणजे एस्कॉर्ट्सने येथे आणलेली यामाहाची टू-स्ट्रोक आरडी ३५०) हाती येताच तिचा ऑटोल्यूब पंप, म्हणजे इंजिनाला आपोआप ऑइल पुरवणारा पंप, काढावा, जागेवर पत्र्याची पट्टी मारावी, पेट्रोलच्या टाकीतच टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनाचे) ऑइल मिसळावे आणि निर्धास्त राहावे, कारण चाळीस वर्षांच्या पंपावर विसंबणे म्हणजे इंजिन धरण्याची, म्हणजे ऑइलअभावी पिस्टन अडकून बसण्याची, वाट पाहणे होय. त्याखाली ‘अगदी बरोबर’ म्हणणाऱ्यांची रांग पाहून राहवले नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

हा पंप इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतो आणि त्याशिवाय त्याची केबल ॲक्सिलरेटरशी जोडलेली असते, म्हणजे ऑइल किती सोडायचे हे तो दोन्ही गोष्टी पाहून ठरवतो. आता कुंभार्ली घाट चिपळूणच्या बाजूला तिसऱ्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटर मिटून उतरत आहोत असे समजा. फेरे चढलेले आहेत, कार्बोरेटरमधून पेट्रोल नावापुरते येते आहे, आणि ऑइल त्याच पेट्रोलमध्ये मिसळलेले असेल तर तेही नावापुरतेच येणार; याउलट पंप फेऱ्यांच्या हिशेबाने किमान पुरवठा चालूच ठेवतो. टाकीत मिसळणाऱ्यांच्या गाड्या घाटाच्या पायथ्याशी का धरतात, याचे उत्तर येथे आहे.

‘पंप मेला’ असा निकाल देणाऱ्या बहुतेकांनी त्याचा किमान स्ट्रोक (पंपाची कमीत कमी सरक) कधी मोजलेलाच नसतो. झाकण काढून, पंपाची चकती हाताने फिरवून फटीत फीलर गेज (फट मोजायचे पाते) घालावे, ०.२० ते ०.२५ मिलिमीटर असेल तर पंप उत्तम आहे, कमी असेल तर शिम (पातळ चकती) बदलावी. त्यानंतर नळीतील हवा काढावी. एवढे करायचे नाही आणि इंजिन धरले की पंपाच्या नावाने खडे फोडायचे, ही कोणती रीत? प्रत्यक्षात धरलेला पिस्टन डावा असेल, तर आधी मॅग्नेटच्या, म्हणजे डाव्या बाजूचे क्रँक सील (क्रँकच्या टोकाचे रबरी सील) पाहावे. ते वाळले की बाहेरची हवा आत जाते, मिश्रण पातळ होते (हवा जास्त, पेट्रोल कमी), आयडलिंग आपोआप चढते आणि मालक मात्र ‘काय गोड सुरू होते’ म्हणून खूश असतो.

उद्यमनगर_कोल्हापूर

तो सल्ला देणारा सदस्य मीच, त्यामुळे उत्तर देणे भाग आहे. घाटउताराचे गणित तुम्ही बरोबर मांडले आहे, हे मान्य करतो. पुस्तक वाचून आलेला कोणीही ते मांडू शकेल. मात्र उतारावर मधूनमधून ॲक्सिलरेटर उघडून इंजिनाला घोट पाजायचा, ही सवय आम्हाला मिसरूड फुटण्याआधी लागली आणि तिच्यासाठी फीलर गेज लागले नाही.

माझ्या थोरल्या भावाच्या गाडीचा पंप तुमच्या मापात तंतोतंत होता. तरीही गगनबावड्याहून परतताना पंपाची केबल तुटली, ती तुटल्याचे कोणालाही कळले नाही, कारण गाडी पूर्वीसारखीच पळत होती, उलट धूर कमी झाला म्हणून भाऊ आनंदात होता. काही मैलांतच दोन्ही पिस्टन लायनरला चिकटले. सिलिंडरचा बोअर थेट ०.५० मिलिमीटरने वाढवावा लागला. दहा लिटरला तीनशे दहा मिलिलिटर ऑइल मी स्वतःच्या हाताने ओततो, तेव्हा ते इंजिनात जाणार हे मला दिसत असते. तुमचा पंप काय करतो आहे, हे तुम्हाला दिसते का?

जुना_फिटर

दोघेही अर्धेच सांगत आहात. टाकीत मिसळायचे असेल तर खुशाल मिसळा, परंतु ऑइलने पेट्रोलची जागा घेतली की मिश्रण थोडे पातळ होते, म्हणून मेन जेट (कार्बोरेटरमधील पेट्रोलचे मुख्य छिद्र) एक आकडा मोठा करावा लागतो, हे कोल्हापूरकरांनी आपल्या सल्ल्यात कोठेही लिहिलेले नाही. त्यात आता वीस टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल मिळते, जे स्वतःच मिश्रण आणखी पातळ करते आणि गाडी महिनाभर उभी राहिली तर हवेतील ओलावा शोषून टाकीच्या तळाशी पाणी साठवते. बी८एचएस स्पार्क प्लग काढून पाहा. टोक कॉफीच्या रंगाचे हवे. पांढरे दिसत असेल तर पंप की टाकी हा वाद नंतर घाला, आधी गाडी बंद करा.

उजव्या सीलविषयी सातारकर बोलले नाहीत. ते गेले की क्लचकडचे गिअर ऑइल इंजिनात ओढले जाते, पांढरा धूर सुटतो, आणि मेकॅनिक ‘पंप जास्त सोडतोय’ म्हणून पंपच आवळून टाकतो. असे आवळलेले पंप दुरुस्तीला माझ्याकडे नेहमी येतात.

डिस्कच_हवी

पंपाचे काय करायचे ते करा, पण या गाडीने माणसे इंजिन धरल्यामुळे गेली नाहीत, ब्रेक न लागल्यामुळे गेली. जपानमधील मूळ आरडी ३५० ला पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक होता. १९८३ मध्ये एस्कॉर्ट्सने ती येथे आणताना ताकद ३९ वरून ३०.५ अश्वशक्तीवर उतरवली, नंतरच्या एलटी (लो टॉर्क) आवृत्तीत २७ वर आणली, आणि पुढच्या चाकाला ड्रम ब्रेक देऊन मोकळे झाले. माझ्या मामांनी वाकडच्या चौकात हा ड्रम पूर्ण आवळला होता, तरी ते समोरच्या टेम्पोत शिरले. गुडघ्यातील सळई त्यांना अजून पावसाळ्यात दुखते. ज्याला जीव प्यारा आहे त्याने डिस्क बसवावी.

सातारकर

मामांविषयी वाईट वाटले, परंतु त्या ड्रममध्ये दोन्ही शूज पुढून लागणारे आहेत आणि ते शूज उघडणाऱ्या दोन कॅमना जोडणारी दांडी आहे. तिचे लॉकनट सैल करून दोन्ही शूज एकाच क्षणी ड्रमला टेकतील अशी लांबी ठेवावी लागते. ती चुकली की एकच शू पकडतो आणि दुसरा हवा खातो. मामांची दांडी शेवटची कोणी जुळवली होती?

डिस्कच_हवी

गुडघा मोडलेल्या माणसाला ‘दांडी कोणी जुळवली’ असे विचारणे, हे केवळ गाडीला देव्हाऱ्यात बसवणाऱ्यालाच सुचू शकते. जुळवली होती, साहेब. दोन घाट उतरून ड्रम तापला की जुळवलेली दांडीही प्रार्थनेपुरतीच उरते.

जुना_फिटर

तापल्यावर ड्रम ढिला पडतो हे खरे आहे, सातारकर, त्यावर वाद नको. परंतु डिस्क बसवणारेही जे करतात ते पाहवत नाही. दुसऱ्या गाडीचे फोर्क आणायचे, टीमध्ये (फोर्क धरणाऱ्या जोडात) बसत नाहीत म्हणून बुश ठोकायचे, चाक मध्यावर आहे की नाही हे डोळ्यांनी ठरवायचे, आणि कॅलिपर (डिस्क आवळणारा भाग) धरणारी पट्टी कोपऱ्यावरच्या वेल्डिंगवाल्याकडून मारून घ्यायची. अशी एक पट्टी माझ्याकडे तडकलेली आली होती, आणि तिच्यावर रंग अगदी ताजा होता.

पेठेतला_ग्राहक

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ कडे कोणाचे लक्ष आहे का? कंपनीने दिलेल्या नोंदीपेक्षा वेगळा बदल केला आणि अपघात झाला, तर विमा कंपनी पहिली त्यावर बोट ठेवेल. २०२१ च्या विंटेज नियमाचा आधार घ्यावा, तर तेथे पन्नास वर्षांची अट आहे. म्हणजे १९८३ ची गाडी २०३३ पर्यंत केवळ जुनीच मानली जाणार, आणि पंधरा वर्षांपुढील गाडीचा हरित कर भरत राहावा लागणार. शिवाय रील पाहून गाडी घेणाऱ्यांनी भाव इतके चढवले आहेत की नाना पेठेत क्रँकचे सील मागितले तर दुकानदार आधी माझ्या बुटांकडे पाहतो.

उद्यमनगर_कोल्हापूर

धागा पंपाचा होता, याची नम्र आठवण. जेट मोठा करावा लागतो हा मुद्दा फिटरकाकांनी सांगितला तो मी माझ्या सल्ल्यात घालतो. सातारकरांनी सांगितला असता तर घातला नसता.

सातारकर

आभारी आहे. आपणही केबल तुटण्याचा मुद्दा मांडला. मी दर पावसाळ्यानंतर ती बदलतो, हे सांगायचे राहिले होते, एवढेच. डिस्कविषयी माझे मत तेच आहे. मात्र डिस्क बसवणाऱ्यांनी काढून ठेवलेल्या ड्रमच्या प्लेटा माळ्यावर गंजत पडल्या असतील, तर मी योग्य किमतीत घ्यायला तयार आहे. माझ्या प्लेटचे कॅमचे भोक झिजून अंडाकृती झाले आहे.

डिस्कच_हवी

मामांची प्लेट माझ्याकडे आहे, चांगली आहे. विकायची नाही.

जुना_फिटर

का हो? डिस्कच हवी होती ना?

डिस्कच_हवी

गाडी कधी विकावी लागली तर गिऱ्हाईक ओरिजिनल मागते.