रतीब, खाडा आणि दारावरची हाक: तुमचे अनुभव लिहा

गेल्या महिन्यात आईचं कपाट आवरताना जुन्या कालनिर्णयांची गुंडाळी सापडली. १९८१ ते १९९४, मधली दोन वर्षं सोडली तर सगळी. आईला जाऊन चार वर्षं झाली, पण त्या पानांवर तिचं घर अजून चालू आहे. तारखेच्या चौकोनात 'दू. १॥'. दूध आलं नाही त्या दिवशी फुली आणि खाली 'खा.', म्हणजे खाडा. 'गॅस लावला', सोळा दिवसांनी 'गॅस आला'. 'रद्दी ११ किलो'. 'इस्त्री १४ + धोतर १'. एका ऑगस्टच्या पानावर 'फुलपुडी, श्रावण जादा'.

नारायण पेठेतल्या आमच्या वाड्यात आई खरेदीला फारशी बाहेर पडलेली मला आठवतच नाही. पहाटे दूध, मग पेपर, मग कडीला अडकवलेली फुलपुडी. आठच्या सुमारास भाजीची पाटी, जी उतरवायला आणि परत डोक्यावर चढवायला हात लावावा लागे. आंघोळीच्या बंबासाठी वखारीतून बंबफोड यायची. दुपारी बोहारीण, धारवाला, कधी पिंजारी. दळणाचा डबा गिरणीचा मुलगा न्यायचा आणि आणून ठेवायचा. रॉकेलचा गाडा चौकात थांबायचा, तिथे मात्र आम्ही मुलं डबे घेऊन धावायचो.

रतीब एकदा लावला की लावला. रोज सांगावं लागत नसे, नको असेल त्याच दिवशी सांगायचं. आता मी कर्वेनगरला राहते आणि फोनवर रोज मागवते. पत्ता रोज तोच, आणणारा रोज वेगळा. लागलेली वस्तू मिळते, तक्रार नाही. पण आईच्या त्या चौकोनांत जे लिहिलंय तसं माझ्याकडे लिहायला काही उरलेलं नाही, आणि ते मला लागलं. म्हणून हा धागा.

एक विनंती. 'गेले ते दिवस' एवढ्यावर थांबू नका. काय यायचं, किती वाजता, पैसे कसे द्यायचे, भांडण कशावरून व्हायचं, आणणाऱ्याला पाणी विचारलं जायचं का, हे सगळं लिहा. तुमच्या घरचं कुणी हे काम करत असेल तर तुम्ही आधी लिहा. माणसांची नावं नकोत, वर फक्त आपला भाग टाका.

शनिवार पेठ

माझं वय ७५. आमच्याकडे दूध दोन ठिकाणचं. एक गवळ्याचं, तो दारात मापाने घालायचा आणि माप भरल्यावर थोडी धार वर सोडायचा. ती सोडली नाही तर आजी भांडं पुढेच धरून ठेवायची. दुसरं सरकारी केंद्रावरचं. काचेच्या बाटल्या, वर पातळ चंदेरी बूच, कार्ड दाखवायचं आणि रिकामी बाटली दिल्याशिवाय भरलेली मिळायची नाही.

पण लिहायचंय ते भुसाऱ्याबद्दल. पंधरा दिवसांनी तो यादी घेऊन जायचा, संध्याकाळी हमालाच्या डोक्यावरून सामान यायचं. पैसे महिन्याअखेर, सगळं वहीत. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, त्याच दिवशी खडकवासल्याची भिंतही गेली. मी दहा वर्षांचा होतो. आम्ही नेसत्या कपड्यांनिशी पर्वतीकडे पळालो. मग मामाकडे राहिलो. आठ-दहा दिवसांनी भुसारी पत्ता शोधत तिथे आला. पायांना चिखल तसाच. म्हणाला, "वह्या गेल्या. तुमच्याकडं काय निघत होतं ते तुम्हीच सांगा." आजोबांनी आजीला विचारलं, दोघांनी बोटांवर मोजलं. सत्तावीस रुपये बारा आणे. नवे पैसे येऊन चार वर्षं झाली होती, पण आजोबा आण्यांतच बोलत. त्याने कागदाच्या चिठोऱ्यावर आकडा लिहून खिशात ठेवला आणि पुढच्या घरी गेला. दुसरा शब्द नाही.

पुढे आम्हाला गोखलेनगरच्या पूरग्रस्त वसाहतीत जागा मिळाली. पेठेपासून लांब पडलं, तरी सामान त्याच्याकडूनच येत राहिलं, आता सायकलवरून. त्या सत्तावीस रुपयांचा शेवटचा हप्ता दिवाळीत दिला तेव्हा त्याने आजीच्या हातावर एक नारळ ठेवला. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

सदाशिव पेठ

फुलपुडी! पळसाच्या पानात बांधलेली, वरून पांढरा दोरा. आत दोन-तीन झेंडू, एखादी शेवंती, दूर्वा, तुळस, सोमवारी बेल. पाणी मारलेलं असल्यामुळे पान गार लागायचं. पुडी सोडून दोरा गुंडाळीला लावायचं काम माझं. आजही येते, प्लॅस्टिकच्या पिशवीत. पैसे फोनवरून जातात. बाकी फूल तेच.

कसबा पेठ

आमचं घर तांबट आळीपासून दोन मिनिटांवर, त्यामुळे हातोड्याचा ठोका कानात बसलेला. तरीही कल्हईवाला दारावरच यायचा, कारण पाण्याचे हंडे आणि पातेली उचलून नेण्यापेक्षा त्याने भाता आणलेला सोपा.

अंगणाच्या कोपऱ्यात खळगा करून तो कोळसे पेटवायचा. भांडं आधी घासून काळं काढायचं, मग सांडशीत धरून निखाऱ्यावर फिरवत तापवायचं. नवसागराची चिमूट टाकली की पांढरा धूर उठे, नाकात झोंबणारा. नवसागर धातूवरचा उरलासुरला थर खातो, त्याशिवाय कथील धरत नाही. मग कथलाची कांडी आतून एकदाच टेकवायची. कथील २३२ अंशालाच वितळतं, त्यामुळे टेकताक्षणी पाणी होतं. लगेच कापसाचा बोळा गरगर फिरवायचा. काळपट पितळ दोन श्वासांत पांढरं होताना पाहायला आम्ही शाळेला उशीर केलेला आहे. शेवटी भांडं पाण्यात, चर्रर्र आवाज.

ज्यांनी फक्त स्टील वापरलंय त्यांच्यासाठी सांगते: कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात चिंचेची आमटी ठेवली तर ती कळकते. हिरवट होते आणि पोटात ढवळतं. म्हणून वर्षातून दोनदा तरी हे करावंच लागे.

एकदा आमची फसवणूकही झाली. नेहमीचा कल्हईवाला गावी गेला होता, दुसऱ्याच एकाने स्वस्तात करून दिली. भांड्यांना चकाकी आली, पण जरा निळसर. आळीतल्या तांबट आजोबांनी बोट फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "वहिनी, यात शिसं आहे. स्वयंपाकाला घेऊ नका." आठ भांडी पुन्हा करावी लागली. तेव्हापासून आई कथलाची कांडी स्वतः आणून द्यायची आणि उरलेला तुकडा परत मागून घ्यायची. दारावरची सेवा म्हणजे सगळं सचोटीचंच होतं, असं कुणी लिहू नये.

सहकारनगर

ताई, "घरचं कुणी करत असेल तर आधी लिहा" म्हणालात म्हणून लिहितेय. माझे बाबा ३१ वर्षं पेपर टाकायचे.

साडेतीनला उठायचे. चौकातल्या फुटपाथवर गठ्ठे यायचे. तिथे बसून पुरवण्या भरायच्या, रविवारी पेपरपेक्षा पुरवण्याच जड. मग लाईनप्रमाणे लावायचे: या जिन्यात सकाळ, समोर लोकसत्ता, वरती केसरी आणि एक इंग्रजी. बाबांकडे यादी नव्हती. दोनशेच्या वर घरं तोंडपाठ. दुसऱ्या मजल्यावर पेपर फेकायची घडी वेगळी असते. आधी तिहेरी दुमड, मग एक टोक आत खोचायचं, नाहीतर पेपर हवेत उघडतो. ती घडी मी अजून घालू शकते. पावसाळ्यात प्रत्येक पेपर पिशवीत घालायचा, पिशव्यांचे पैसे आपलेच. पेपरला सुट्टी वर्षातून मोजके दिवस. त्या दिवशीही बाबा साडेतीनलाच जागे व्हायचे आणि अंथरुणावर बसून राहायचे.

त्रास कसला, तर बिलाचा. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मी त्यांच्याबरोबर वसुलीला जायचे. "नंतर या", "साहेब घरात नाहीत", "सुट्टे नाहीत". एकेका घरी चार-चार चकरा. एका बंगल्यात मी नऊ वर्षांची असताना बाईंनी दार अर्धं उघडून विचारलं होतं, "गेल्या महिन्यात दोन दिवस पेपर ओला आला, त्याचे कापले का?" बाबांनी कापले. बाहेर आल्यावर मी चिडले, तर म्हणाले, "ओला आला होता खरा." दुसऱ्या टोकाला एक आजी होत्या. दिवाळीत बिलाबरोबर फराळाचा डबा द्यायच्या आणि जिन्यात न देता आत बसवून द्यायच्या. दोन्ही घरं एकाच गल्लीतली.

२०२० च्या मार्चमध्ये वितरण थांबलं. एप्रिलमध्ये तर घरोघर पेपर टाकायला सरकारनेच मनाई केली. मार्चचं निम्मं बिल तसंच राहिलं. पुन्हा सुरू झालं तेव्हा चाळीसेक घरांनी पेपर कायमचा बंद केला होता, भीतीने किंवा फोनवर वाचायची सवय लागली म्हणून. बाबांनी त्याच वर्षी लाईन दुसऱ्याला दिली. आठवणी काढताना कृपया एवढं लक्षात ठेवा, की तुमची पहाट आमच्याकडे मध्यरात्री सुरू व्हायची.

नारायण पेठ / कर्वेनगर (धागा काढणारी)

सहकारनगरची ताई, तुझं वाचून आईच्या नोंदी पुन्हा उघडल्या. 'पेपर बिल दिले' हे दर महिन्याला वेगळ्या तारखेला आहे: ४, ९, १७, एकदा तर २६. मी आजवर ही तारीख आमच्या बाजूनेच वाचत होते. २६ तारखेपर्यंत तो माणूस किती वेळा जिना चढला असेल, हे कधी मनात आलं नव्हतं. लिहिल्याबद्दल मनापासून आभार.

एरंडवणे

कचऱ्याचं कुणी लिहिलं नाही. पूर्वी रद्दी-भंगाराची हाक यायची, तराजू दारात मांडला जायचा आणि वजनावरून हुज्जत. कचरा मात्र आपणच कोपऱ्यावरच्या कुंडीत टाकायचो, आणि तो उपसून काच-पत्रा वेगळा काढणाऱ्या बायकांकडे कुणी बघतही नसे. १९९३ मध्ये त्यांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, डॉ. बाबा आढावांसारखे लोक मागे होते. पुढे 'स्वच्छ' ही सहकारी संस्था झाली आणि २००८ पासून महापालिकेशी करार करून त्याच बायका घरोघर येऊ लागल्या. आज ओळखपत्र गळ्यात घालून आमच्या दारात रोज सकाळी येणारी आणि गेली बारा वर्षं तीच असणारी एकमेव व्यक्ती म्हणजे आमच्या कचरावाल्या मावशी. रतीब संपला म्हणता, तर हा काय आहे? दरमहा थोडे पैसे, सुट्टी आधी सांगून, बदली बाई पाठवून. ओला-सुका नीट वेगळा करून द्या, त्यांचे हात त्यात जातात.

बाणेर

आम्ही लातूरहून २०१४ ला आलो, वाडा-बिडा काही पाहिलेला नाही. मला आताचं आवडतं, स्पष्ट सांगतो. बायको माहेरी, दीड वर्षाचं पोर तापाने फणफणलेलं, रात्रीचे पावणेबारा. थर्मामीटर फुटलेला. बारा मिनिटांत नवा थर्मामीटर आणि औषध दारात. तो मुलगा भिजलेला होता. मी दार उघडून पोराला खांद्यावर घेऊन उभा, तर त्यानेच पिशवी फाडून थर्मामीटर काढून हातात दिला आणि म्हणाला, "दादा, माझंबी एवढंच आहे." नाव विचारायचं राहून गेलं.

तेव्हाच कळलं की आमच्या सोसायटीत त्या पोरांना मुख्य लिफ्ट वापरू देत नाहीत. सामानाची लिफ्ट बंद असेल तर अकरा मजले चालत. पुढच्या मीटिंगला मी विषय काढला. दोन तास वाद झाला. काकालोकांनी सुरक्षेचा मुद्दा काढला, तो अगदीच खोटाही नाही. शेवटी मतदान होऊन नियम बदलला. आता गेटवर बाकडं आणि पिण्याच्या पाण्याचा जारही ठेवलाय. पत्र लिहून कमिटीला देण्यात ज्यांनी साथ दिली त्या दोन आजी सदाशिव पेठेतून इथे राहायला आलेल्या आहेत.

कोथरूड

फिरत्या वाचनालयाचे काका! सायकलच्या दोन्ही बाजूंना कापडी पिशव्या, आठवड्याला दोन मासिकं बदलून मिळायची, दिवाळी अंकांची वेगळी वर्गणी. आईला काय आवडतं ते त्यांना आमच्याहून जास्त माहीत. अंक फाटलेला परत दिला तर काही न बोलता पिशवीतून डिंकाची बाटली काढून तिथेच चिकटवायचे.

कसबा पेठ

धाग्यावर एवढं कल्हईचं वाचून तिघांनी विचारलं, म्हणून सांगते. आमच्या आळीत अजून काम होतं. ओळखीचे एक कल्हईवाले बाहेरही येतात, पण पन्नासेक भांडी जमली तरच, कारण कोळसा-कथलाचा खर्च निघाला पाहिजे. कथील खरं वापरतात, मी समोर उभी राहून बघितलंय.

नारायण पेठ / कर्वेनगर (धागा काढणारी)

आईची सहा पातेली, दोन हंडे आणि एक परात माळ्यावर आहेत, ती काढते. आमच्या सोसायटीच्या मागे मोकळी जागा आहे, मी कमिटीला विचारलंय, हो म्हणाले. कोथरूड, एरंडवण्यातल्यांनी आपापली संख्या इथे लिहा, म्हणजे पन्नास होतात का बघू. भांड्यांवर नाव घालून आणा. रविवारी सकाळी आठ. त्यांच्या चहा-नाश्त्याचं मी बघते.