बाबांचा स्वभाव बदलत चाललाय. वय की आणखी काही? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

लिहू की नको करत आठवडा गेला. बाबा 73 वर्षांचे, एसटीत वाहतूक नियंत्रक होते. आई-बाबा साताऱ्याला, मी पुण्यात. महिन्यातून दोनदा जाते. बाबांना मधुमेह 12 वर्षांपासून, मेटफॉर्मिन चालू. स्टेंट बसवल्यापासून रक्त पातळ करायची गोळीही आहे. खाणं शुद्ध शाकाहारी.

हे नक्की कधी सुरू झालं ते सांगता येणार नाही. दीडेक वर्ष तरी झालं असेल. रोज रात्री जेवण झालं की ते वहीत खर्च लिहितात, जुन्या वह्या माळ्यावर रचून ठेवल्यात. गेल्या खेपेस सहज वही चाळली. एकाच तारखेखाली 'दूध 32' तीनदा लिहिलेलं, बेरजेची जागा कोरी. या माणसाला कुठली गाडी किती वाजता सुटते ते झोपेतही सांगता यायचं.

विसरण्याचं एक वेळ चालेल, पण स्वभाव? जन्मात कुणाला अरे-तुरे न केलेले बाबा दूधवाल्याला तोंडावर चोर म्हणाले. शेजारचे काका गेले तेव्हा भेटायला गेलो, तर तिथे चहा मागत बसले. भजनाला जाणं बंद. आईला वाटतं मुद्दाम करतात. दादा म्हणतो, साठी बुद्धी नाठी, सोडून दे. मला नाही सोडवत.

आणखी एक. हल्ली पाय फरशीला चिकटल्यासारखे चालतात. दोन-तीनदा बाथरूमपर्यंत पोचायच्या आत लघवी झाली. हे आईने गेल्या रविवारी सांगितलं, तेही फरशी पुसता पुसता, माझ्याकडे न बघता. आणि महिन्यापूर्वी मोरीत घसरले होते. टेंगूळ आलं, बर्फ लावला, विषय संपला.

जवळच्या डॉक्टरांनी 'वय झालं' म्हणून झोपेची गोळी दिली. मी हट्टाने रक्त तपासून घेतलं. थायरॉइड ठीक, बी-12 मात्र 138. एवढा बदल नुसत्या बी-12 मुळे होतो का? न्यूरोलॉजिस्टकडे जायचं की मानसोपचारतज्ज्ञांकडे? आणि बाबांना न्यायचं कसं? विषय काढला की 'मला वेड लागलंय का?' म्हणून ताट सारतात.

प्रतिसाद: ताई, आधी ते पडण्याचं बघा. माझे सासरे असेच मोरीत पडले, तेव्हा काहीच वाटलं नाही. पाच-सहा आठवड्यांनी बोलणं मंदावलं, आम्ही म्हटलं थकलेत. सीटी स्कॅन केला तर कवटीच्या आत, मेंदूवर रक्त साठलेलं. भोक पाडून काढलं, आणि माणूस पुष्कळसा परत आला. रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना डोक्याला मार म्हणजे थांबायचं नाही. पण ती गोळी स्वतःच्या मनाने बंदही करू नका.

प्रतिसाद: मी डॉक्टर आहे, न्यूरोचा नाही. न तपासता निदान करत नाही, दिशा सांगतो. 138 कमीच आहे. शाकाहार आणि बरीच वर्षं मेटफॉर्मिन, दोन्हींमुळे बी-12 घटतं, आणि त्याने स्मरण, मूड, चाल सगळं बिघडू शकतं. इंजेक्शनं सुरू करून घ्या, पण तेवढ्यावर थांबू नका. चिकटणारी पावलं, लघवीवरचा ताबा आणि मंदावलेली बुद्धी एकत्र दिसली की मेंदूतल्या पोकळ्यांत पाणी साठलंय का ते बघावं लागतं. तसं निघालं तर शंट, म्हणजे ते पाणी वाहून नेणारी बारीक नळी, बसवून काहींना चांगला फरक पडतो, सगळ्यात आधी चालण्यात. आठवणीआधी स्वभाव बदलणारा डिमेन्शियाही असतो, पण तो बहुधा 45 ते 65 च्या दरम्यान सुरू होतो. रक्तातलं सोडियम तपासा, नीट ऐकू येतं का तेही तपासा. नैराश्यातही म्हातारी माणसं अशीच गप्प होतात, भजन सुटलंय ते विसरू नका. झोपेच्या गोळीने गोंधळ वाढतो, पडण्याची भीतीही वाढते. तिच्याबद्दल लगेच विचारा. आधी न्यूरोलॉजिस्ट. आणि दोन दिवसांत एकदम बिघडले, झापड आली किंवा उलट्या झाल्या तर अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट इमर्जन्सी.

धागाकर्ती: दोघांचेही आभार. पडण्याचा या सगळ्याशी संबंध असेल हे डोक्यातच आलं नव्हतं. उद्या सकाळीच सीटी करतोय. बाबांना 'पाय का अडकतात ते बघू' एवढंच म्हटलं, तर चक्क तयार झाले. म्हणाले, तेवढंच बघा, डोक्याचं काही काढू नका. डॉक्टरांना दाखवायला ती वही पिशवीत टाकली आहे.