ऋण अधिशोषण : पदार्थाचा गुणधर्म की अडलेला समतोल?

धागाकर्ता
स्थिर तापमानाला दाब वाढवला की सच्छिद्र पदार्थ आतल्या पृष्ठभागांवर अधिक वायू धरतो, म्हणजे त्याचे अधिशोषण वाढते, हे आपण गृहीतच धरतो. ड्रेस्डेनच्या तंत्रविद्यापीठातील श्टेफान कास्केल यांच्या गटाने २०१६ साली ‘नेचर’मध्ये मांडलेला डीयूटी-४९ हा सच्छिद्र पदार्थ मात्र वेगळा वागतो. तांब्याच्या अणुजोड्यांना लांब सेंद्रिय दुव्यांनी बांधणाऱ्या या चौकटीत १११ केल्विनला (उणे १६२ अंश सेल्सिअस) मिथेन भरत गेल्यास सुमारे १० किलोपास्कलपाशी ती एकाएकी आकसते, तिचे घनफळ निम्म्याच्या आसपास येते आणि आतला बराचसा मिथेन बाहेर फेकला जाऊन बंद पात्रातला दाब वाढतो. दाब वाढूनही धरलेला वायू घटणे, म्हणजेच ऋण अधिशोषण, हा त्या चौकटीचा खरा गुणधर्म आहे. साठवणुकीच्या आकड्यांमागे धावताना त्याकडे दुर्लक्ष होऊ नये.

बाष्प
‘गुणधर्म’ म्हणण्यालाच माझी हरकत आहे. समतोलात दाब वाढल्यावर धरलेला वायू घटू शकत नाही. उष्मागतिकी त्याला वावच ठेवत नाही. आकसलेली अवस्था आधीच किफायतशीर झालेली असते, पण दुवे वाकवायला लागणारी ऊर्जा आडवी येते, म्हणून चौकट उघडी राहून जास्तीचा वायू घेत बसते आणि अडथळा ओलांडला की तो सोडते. शिवाय याच गटाने २०१८ मध्ये दाखवले, की सुमारे एक मायक्रोमीटरपेक्षा लहान स्फटिकांत हा प्रकार दिसत नाही. रचना तीच, रसायन तेच, फक्त दाणा लहान. मग गुणधर्म कोणाचा म्हणायचा?

धागाकर्ता
अवस्था मितस्थायी, म्हणजे खरा समतोल नसून अडथळ्यामुळे तात्पुरती टिकलेली आहे, हे मान्यच. पण शून्याखालीही न गोठलेले पाणी मितस्थायी असते, म्हणून त्याचा अभ्यास कोणी सोडत नाही. याच कुळातल्या आखूड दुव्यांच्या डीयूटी-४८ मध्ये ऋण अधिशोषण आढळत नाही, लांब दुव्यांच्या डीयूटी-५० मध्ये आढळते. म्हणजे तो अडथळा किती उंच असावा, हे दुव्यांची लांबी ठरवते, आणि दुवे निवडणे रसायनज्ञाच्या हाती असते.

चौथी मिती
वाद तात्त्विक आहे तोवर ठीक, पण उपयोगाचे बोलायचे तर लवचीकपणाचे चांगले उदाहरण दुसरेच आहे. बर्कलीचे रसायनज्ञ जेफ्री लाँग यांच्या गटाची २०१५ मधली कोबाल्ट चौकट २५ अंश सेल्सिअसला मिथेन भरताना सुमारे १६ बारला उघडते आणि रिकामी होताना ७ बारच्या आसपास मिटते, त्यामुळे टाकी रिकामी करतानाही आत अडकून राहणारा वायू फारच थोडा उरतो. अधिशोषणात निघणाऱ्या उष्णतेचा काही भागही चौकट उघडण्यातच खर्ची पडतो, हा वरचा फायदा. उणे १६२ अंशांच्या करामतीपेक्षा मला हे मोलाचे वाटते.

धागाकर्ता
२०१६ च्याच लेखात ब्यूटेनसह हा परिणाम २५ अंशांनाही नोंदवला आहे, तेव्हा थंडीची अट सरसकट लावू नये.

बाष्प
तापमानाचा मुद्दा सोडला. पण दाब किती वाढतो, हे पात्रातल्या रिकाम्या जागेवरही अवलंबून असते. ती मोठी असेल तर बाहेर पडलेला वायू तिच्यात पसरतो आणि वाढ नगण्य ठरते. दाबवाढीचा कोणताही आकडा सांगताना नमुन्याचे वजन आणि ती रिकामी जागा सोबत दिली गेली, तरच दोन प्रयोगांची तुलना करता येईल.