उसाचा भाव जिनिव्हाने ठरवायचा का?

बांधावरचा
ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमालाच्या तक्रारीवर जिनिव्हातल्या जागतिक व्यापार संघटनेच्या (डब्ल्यूटीओ) तीन सदस्यांच्या पॅनेलने डिसेंबर २०२१मध्ये निकाल दिला की, २०१४-१५ ते २०१८-१९ या पाचही हंगामांत भारताने उसाला उत्पादनमूल्याच्या १० टक्क्यांच्या मर्यादेहून जास्त आधार दिला. आता गंमत बघा. एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला उसाचा किमान भाव, देतो कारखाना, सरकारी तिजोरीतून दमडी जात नाही. तरी ती सरकारी मदत! वर मोजायचं कशाशी, तर १९८६-८८च्या भावांवरून गोठवलेल्या संदर्भ किमतीशी. शेतकऱ्याचा भाव संसदेने बघायचा की जिनिव्हातल्या तिघांनी?

कलम२५३
'दमडी जात नाही' हा बचाव भारताने तिथे केलाच होता, टिकला नाही. डब्ल्यूटीओच्या कृषी कराराच्या परिशिष्ट ३चा हिशेब सरळ आहे: सरकारने ठरवलेला भाव वजा संदर्भ किंमत, गुणिले तो भाव मिळायला पात्र उत्पादन. पैसे कोणी मोजले हे त्यात येतच नाही. त्या करारावर १९९४ची सही आपलीच. नको असेल तर सहा महिन्यांची नोटीस द्या आणि बाहेर पडा. आणि एफआरपी बंद पडली का? भारताने अपील केलं. डब्ल्यूटीओच्या अपील मंडळात एका अपिलाला तीन सदस्य लागतात. अमेरिकेने नेमणुका अडवल्याने डिसेंबर २०१९पासून तेवढे उरलेच नाहीत. निकाल लटकलेला आहे.

बांधावरचा
म्हणजे अमेरिकेच्या आडमुठेपणाच्या आडोशाला आपण उभे! नेमणुका झाल्या की आडोसा गेला.

कलम२५३
आत राहूनच २०१३ला बालीत शांतता कलम मिळवलं, म्हणजे मर्यादा ओलांडली तरी इतर देशांनी तक्रार करायची नाही, ते विसरू नका. तांदळाची १० टक्क्यांची मर्यादा ओलांडली तेव्हा तेच कामी आलं.

बांधावरचा
ते अन्नसुरक्षेच्या सरकारी साठ्यापुरतं. उसाला त्याचा काय उपयोग?

गाळप
दोघेही एफआरपीवर अडलात. निर्यातीशी जोडलेल्या अनुदान योजनाही पॅनेलने नियमबाह्य ठरवल्या आणि १२० दिवसांत मागे घ्यायला सांगितल्या. पण २०२१-२२ला जागतिक भाव चढे होते, तेव्हा अनुदानाशिवाय सुमारे ११० लाख टन साखर बाहेर गेली. मग २०२३मध्ये निर्यात दाबली कोणी? दिल्लीने. साखरेचा किमान विक्री दर फेब्रुवारी २०१९मध्ये किलोला ३१ रुपये केला, नंतर पाचहून जास्त वर्षं तिथेच. एफआरपी मात्र २०१८-१९च्या क्विंटलला २७५वरून २०२४-२५ला ३४०. चौदा दिवसांत पैसे द्यायचे, उशिराला १५ टक्के व्याज. पण साखरेचा किमान दर तिथेच अडकलेला, तर कारखान्याने आणायचे कुठून?

बांधावरचा
दिल्लीला मत देऊन खाली खेचता येतं, राव. पॅनेलला कसं खेचणार?

गाळप
खेचा की. त्याआधी ते ३१ रुपये हलवून दाखवा. त्याला जिनिव्हाची परवानगी लागत नाही.